दिसत नसताना उतरणे: कोकण किनाऱ्यावरचा इन्स्ट्रुमेंट अप्रोच

आषाढातली झड लागली की कोकणातले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, ओळखू येत नाहीत. खाली गावात नुसता पाऊस पडत असतो. पण घाटी चढून सड्यावर आलो की आपण पावसात नसून ढगात उभे आहोत, हे लक्षात येते. हाताशी असलेला जांभ्याचा गडगा दिसतो, त्याच्यापलीकडची काजूची झाडे दिसत नाहीत. रत्नागिरी, चिपी, मोपा, दाबोळी हे किनाऱ्यावरचे विमानतळ नेमके अशाच सड्यांवर आहेत, कारण कोकणात लांब आणि सपाट जागा तिथेच मिळते. त्यामुळे इकडच्या वैमानिकाला उत्तर भारतातले हिवाळी धुके फारसे भेटत नसले, तरी जमिनीला टेकलेला ढग आणि समोरचे सगळे पुसून टाकणारी सर यांच्याशी जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याची गाठ असते.

अशा हवेत विमान उतरवण्याच्या पद्धतीला इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणतात. ती कशी वापरावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. वैमानिकी शिकणारे विद्यार्थी आणि घरच्या सिम्युलेटरवर गंभीरपणे सराव करणारे, असे दोन वाचक डोळ्यांसमोर आहेत. उदाहरणासाठी एक कल्पित धावपट्टी घेऊ: समुद्रसपाटीपासून २५० फूट उंचीच्या सड्यावरची, पश्चिमेकडे, म्हणजे २७० अंशांकडे तोंड असलेली, म्हणून २७ क्रमांकाची. सारे आकडे या कल्पित धावपट्टीचे आहेत. प्रत्यक्ष उड्डाणात त्या विमानतळाचा चालू चार्ट, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि आपल्या संस्थेचे मॅन्युअल एवढेच प्रमाण मानावे.

तांडेलाची खूण आणि लोकलायझर

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे आयएलएस, अर्थात इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. तिचे तत्त्व कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. खाडीच्या तोंडाशी वाळूची उथळ पट्टी असते आणि आत शिरण्याची वाट अरुंद असते. तांडेल किनाऱ्यावरचा एखादा उंच माड आणि त्याच्यामागच्या टेकडीवरचा देवळाचा कळस एका रेषेत धरतो आणि त्या रेषेवरूनच होडी आत घेतो. होडी उत्तरेला सरकली की माड कळसाच्या दक्षिणेला दिसू लागतो. मग तो सुकाणू किंचित फिरवून दोन्ही खुणा पुन्हा एकावर एक आणतो. खाली पाणी किती आहे ते त्याला दिसत नाही, रेषा मात्र दिसते.

लोकलायझर हीच रेषा रेडिओ लहरींनी आखतो. त्याचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे उभा असतो. येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने रेषेच्या डावीकडे ९० हर्ट्‌झचा आणि उजवीकडे १५० हर्ट्‌झचा स्वर प्रबळ असतो. दोन्ही सारखे मिळाले की विमान मधल्या रेषेवर आहे. ग्लाइड स्लोपचा अँटेना धावपट्टीच्या कडेला, उंबरठ्यापासून, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीपासून, साधारण ३०० मीटर आत असतो आणि तीच युक्ती तो उभ्या दिशेने करतो: वर ९०, खाली १५०. उतरंडीचा कोन बहुधा ३ अंशांचा असतो. कॉकपिटमध्ये या दोन्हींचे दोन काटे होतात. काटा ज्या बाजूला गेला, त्या बाजूला विमान न्यायचे, एवढा एकच नियम.

दोन गोष्टी मात्र आधीच पक्क्या करून घ्याव्यात. पहिली म्हणजे ओळख. प्रत्येक आयएलएस मोर्स संकेतात स्वतःचे नाव सतत सांगत असतो. ते ऐकल्याशिवाय किंवा पडद्यावर वाचल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवू नये, कारण चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरही काटा मध्यभागी शांत बसलेला दिसू शकतो. दुसरी म्हणजे ग्लाइड स्लोप नेहमी खालून पकडावा. खऱ्या उतरंडीच्या वर, ९ अंशांच्या आसपास, खोटी उतरंडही उमटते आणि उंचावरून घाईने खाली येणारे विमान तिच्यात अडकू शकते.

खाली येण्याआधीचे काम

चांगला अप्रोच ढगात शिरण्यापूर्वीच अर्धा उडवून झालेला असतो. चार्ट समोर ठेवून दोघा वैमानिकांनी तो एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावा: फ्रिक्वेन्सी, अंतिम दिशा, ग्लाइड स्लोप कुठे पकडायचा ती उंची, कुठवर उतरायचे ती उंची आणि धावपट्टी दिसली नाही तर कुठे जायचे तो मार्ग. या शेवटच्या मुद्द्यावर लोक घाई करतात. माझ्या मते वाचनाची सुरुवातच तिथून करावी.

आपल्या उदाहरणात मोसमी वारा नैर्ऋत्येचा आहे, म्हणून २७ वर, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने समुद्राकडे उतरायचे आहे. इथे चार्टवरच्या किमान सुरक्षित उंचीकडे नीट पाहावे. विमानतळाभोवती २५ नॉटिकल मैलांचे जे वर्तुळ असते, त्याच्या पश्चिमेच्या भागात समुद्र असल्याने आकडा लहान असतो आणि पूर्वेच्या भागात घाट असल्याने तो मोठा असतो. आंबोलीच साधारण ६९० मीटरवर आहे. वाहतूक नियंत्रकाने खाली येण्याची परवानगी दिली म्हणून आपण डोंगरापासून सुटलो, असे गृहीत धरू नये. आपण कोणत्या भागात आहोत ते स्वतः पाहावे.

आता क्यूएनएच, म्हणजे उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर लावायचा स्थानिक दाब. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोकादायक आकडा वाटतो, कारण तो चुकला तरी काहीही वाजत नाही. उंचावर सगळी विमाने १०१३ हा ठरीव दाब लावून उडतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा दाब त्याहून बराच कमी असतो. आपण १००२ धरू. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट. म्हणजे दाब बदलायचा राहून गेला, तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा सुमारे ३०० फूट जास्त दाखवेल. चाके धावपट्टीला टेकतील तेव्हाही तो ५५० फूट दाखवत असेल, आणि धावपट्टीच्या २०० फूट वर, म्हणजे ४५० फुटांवर, उतरायचे की नाही याचा निर्णय घ्यायचा म्हणून वाट पाहणाऱ्या वैमानिकाला ते ४५० कधी भेटणारच नाहीत.

हे केवळ पुस्तकी नाही. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पावसात उतरणाऱ्या एका एअरबस ए३२० ला नियंत्रकाकडून १००१ ऐवजी १०११ हा दाब मिळाला. ते विमान आयएलएसवर नव्हते. त्याची उतरंड दाबावरून मोजली जात होती, त्यामुळे सगळी उतरंडच खाली सरकली. धावपट्टी अजून सुमारे एक मैल पुढे असताना विमान जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत आले आणि तिथून वर गेले.

ही चूक पकडायची सोपी रीत आहे. चार्टवर प्रत्येक मैलाची उंची छापलेली असते. ३ अंशांची उतरंड मैलाला (इथे सगळीकडे नॉटिकल मैल) साधारण ३१८ फूट उतरते आणि उंबरठ्यावरून ५० फुटांवरून जाते. आपल्या धावपट्टीसाठी उंबरठ्यापासून ६ मैलांवर २,२०० फूट, ४ मैलांवर १,५७०, ३ मैलांवर १,२५० आणि २ मैलांवर ९४० फूट असा हिशेब येतो. २,२०० फुटांवर सरळ उडत असताना ग्लाइड स्लोपचा काटा ६ मैलांवर मध्यावर यायला हवा. तो ५ मैलांवर आला, तर काहीतरी सुमारे ३०० फुटांनी चुकले आहे, आणि बहुधा तो दाबच असतो. एवढ्यासाठीच ग्लाइड स्लोप पकडला त्या क्षणी अंतर आणि उंची दोन्ही मोठ्याने म्हणायची असतात.

उतरंडीवर

६ मैलांच्या आधी चाके खाली, फ्लॅप ठरल्या जागी, वेग ठरलेला. खाली येण्याचा दर काढायला जमिनीवरचा वेग पाचाने गुणावा. विमानाचा वेग १४० नॉट आणि समोरचा वारा १० नॉट असेल, तर जमिनीवरचा वेग १३०. म्हणून दर मिनिटाला ६५० फूट. काट्याच्या मागे धावण्याऐवजी हा आकडा धरून ठेवावा आणि त्यात लहान लहान दुरुस्त्या कराव्यात. अगदी एखादा अंश दिशा किंवा पन्नास फुटांचा दर. नवशिक्या नेहमी दुप्पट दुरुस्ती करतो आणि मग ती दुरुस्त करत बसतो. शिवाय विमान जवळ येत जाईल तशी लहरींची वाट निमुळती होत जाते. ६ मैलांवर काटा जेवढा हलतो, त्याच्या कितीतरी पट तो एका मैलावर तेवढ्याच चुकीसाठी हलतो.

मोसमी वाऱ्याचा सर्वांत जोरदार झोत जमिनीलगत नसतो. तो दीड किलोमीटर उंचीच्या आसपास असतो. खाली येताना वारा उतरत जातो आणि दिशाही बदलतो, म्हणून वर बसलेली दिशा खालपर्यंत चालत नाही. आपल्या उदाहरणात खालच्या थरात डावीकडून १२ नॉटचा आडवा वारा धरला, तर विमानाचे नाक २७० वर नसून २६५ च्या आसपास असेल. हे पाच अंश लक्षात ठेवावेत, पुढे ते कामाला येतात.

विमानतळाच्या उंचीपेक्षा १,००० फूट वर, म्हणजे इथे १,२५० फुटांवर, दोन दरवाजे आहेत. पहिला नियमाचा: धावपट्टीवर किती दूरपर्यंत दिसते याचे मोजलेले अंतर, ज्याला आरव्हीआर म्हणतात, ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असल्याचे कळले असेल, तर या उंचीखाली जायचे नाही. दुसरा शिस्तीचा: या उंचीला वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, चाके आणि दोन्ही काटे जागेवर नसतील, तर अप्रोच सोडून द्यायचा. "थोडे खाली गेल्यावर बसेल" हे वाक्य मनात आले की तो बसणार नाही असे समजावे.

४५० फूट

कॅट वन या साध्या प्रकारच्या आयएलएसला धावपट्टीपासून २०० फुटांपेक्षा खाली न पाहता जाता येत नाही आणि आरव्हीआर निदान ५५० मीटर लागतो. आपल्या सड्याची उंची २५०, म्हणून निर्णयाची उंची ४५० फूट. तिथे काय दिसते, याबद्दल लोकांच्या मनात चुकीचे चित्र असते. ढग फाटला की समोर अख्खी धावपट्टी उजळलेली दिसते, असे चित्रपटात होते. प्रत्यक्षात धावपट्टी दिसतच नाही.

हिशेब करून पाहावा. ४५० फुटांवर विमान उंबरठ्यापासून सुमारे ८७० मीटर दूर असते. दिसते ५५० मीटरपर्यंत. त्यातही विमानाचे नाक खालचा भाग झाकते. काचेतून पंधरा अंश खालपर्यंत दिसत असेल, तर पहिले सव्वादोनशे मीटर त्याआडच जातात. उरतो सव्वातीनशे मीटरचा तुकडा. पूर्ण लांबीची अप्रोच लाइट्सची माळ ९०० मीटरची असते आणि तिच्या मधल्या ओळीतले दिवे ३० मीटरवर एक असे असतात. म्हणजे वैमानिकाला दिसतात ते सरळ रेषेत पुढे गेलेले दहा-अकरा दिवे. उंबरठ्यापासून ३०० मीटरवर असलेली दिव्यांची आडवी ओळ अजून धुरकटातून बाहेर यायची असते. इतक्यावर ठरवायचे असते, आणि उंबरठा तेरा सेकंदांवर असतो.

म्हणून कामाची वाटणी हवी. एकाने आत काट्यांवर नजर ठेवून उडवावे आणि दुसऱ्याने ५५० फुटांवर "शंभर वर" आणि ४५० वर "मिनिमम" अशी हाक द्यावी. उत्तर दोनांपैकी एकच: उतरतो किंवा वर जातो. गप्प राहणे म्हणजे वर जाणे. दिसायला हवेत ते धावपट्टीचे स्वतःचे दिवे किंवा खुणा: अप्रोच लाइट्स, उंबरठा, पापी म्हणजे विमान उतरंडीच्या वर आहे की खाली ते दाखवणारे लाल-पांढरे दिवे, कडेचे दिवे. खाली गावातले पथदिवे दिसले म्हणजे जमीन दिसली. धावपट्टी दिसली असे नव्हे.

दिवे दिसल्यावरही दोन फसवणुका शिल्लक राहतात. डावीकडून वारा असल्याने आपले नाक पाच अंश डावीकडे आहे, म्हणून धावपट्टी काचेच्या मध्यावर नसून उजवीकडे दिसेल. ती तशी दिसणे हेच बरोबर आहे. तिच्याकडे विमान वळवले की आपण आखलेली रेषा सोडली. दुसरी फसवणूक पाण्याची. काचेवरच्या पावसाने प्रकाश वाकतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होतो. मग हात नकळत नाक खाली दाबतो. शेवटच्या दोनशे फुटांतही एकाने उतरण्याचा दर वाचत राहावा, तो यासाठी.

टेकण्याची जागाही ठरलेली असावी. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या सड्यावरच्या धावपट्टीवर मुसळधार पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पाठीमागून वारा असताना, जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे टाकून टेकले आणि टोकावरून खाली कोसळले. २१ जण दगावले. त्याआधीचा एक अप्रोच त्याच वैमानिकांनी सोडून दिला होता. ढगातून बाहेर आलो म्हणजे उतरलो असे नसते; ठरलेल्या पट्ट्यात चाके टेकत नसतील, तर तिथूनही वर जाता येते.

सड्याची स्वतःची अडचण

दिल्लीला धुक्यात कॅट थ्री या आयएलएसच्या सर्वांत अचूक प्रकारावर ५० मीटरच्या आरव्हीआरमध्येही विमाने उतरतात. मग कोकणात तसे का नको, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पैसा आणि वापर हा त्याच्या उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग भूगोलाचा आहे. कॅट टू आणि थ्रीमध्ये निर्णयाची उंची रेडिओ अल्टिमीटर मोजतो आणि तो विमानाच्या थेट खालची जमीन मोजतो. गंगेच्या मैदानात ते ठीक. सड्याच्या कडेबाहेर मात्र खाली दरी असते. तिच्यावरून येताना तो ५०० दाखवेल आणि कडा ओलांडताच एकदम १५० वर उडी मारेल. म्हणून उंबरठ्याआधीचा सुमारे ३०० मीटरचा भाग सपाट असावा लागतो. नेहमीच्या ग्लाइड स्लोपलाही पुढची सपाट जमीन हवी असते, कारण तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या लहरींतूनच उतरंड घडते. आणि दिव्यांची ९०० मीटरची माळ लावायला कड्याबाहेर जमीनच नसेल, तर माळ आखूड होते आणि लागणारा आरव्हीआर वाढतो.

या दृष्टीने उपग्रहावरचा अप्रोच कोकणाच्या सोयीचा आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांची गगन यंत्रणा जीपीएसच्या चुका दुरुस्त करून विमानाला आयएलएससारखीच उतरंड देते आणि त्यासाठी धावपट्टीशेजारी अँटेना लागत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर बनावटीचे विमान राजस्थानातल्या किशनगडला गगनच्या आधारे उतरले. चार्टवर एलपीव्ही असे लिहिलेली ओळ या पद्धतीची. त्याच चार्टवर एलएनएव्ही-व्हीएनएव्ही (दिशा उपग्रहावरून, उतरंड विमानातल्या संगणकावरून) ही ओळ असेल, तर तिची उतरंड सहसा दाबावर चालते, आणि पॅरिसचा धडा तिथे लागू होतो. नुसती एलएनएव्ही किंवा व्हीओआरची (जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राची) ओळ असेल, तर उतरंड मिळत नाही, फक्त दिशा मिळते, आणि खालची मर्यादा एमडीए, म्हणजे उतरण्याची किमान उंची, असते. हिच्यात आणि डीए, म्हणजे वर आलेल्या निर्णयाच्या उंचीत, फरक आहे: डीएवर निर्णय घेतल्यानंतर विमान थोडे खाली जाऊन वर आले तर चालते, एमडीएच्या खाली मात्र ते क्षणभरही जाऊ नये. म्हणून तिच्या थोडे वरच निर्णय घ्यावा.

वर जाणे

दिसले नाही, तर इंजिनांना पूर्ण शक्ती, नाक वर, फ्लॅप एक पायरी कमी, विमान चढते आहे याची खात्री झाली की चाके आत, आणि मग चार्टवरचा मार्ग. क्रम बदलू नये, आणि नियंत्रकाशी बोलणे या सगळ्यानंतर.

२७ वरून वर जाताना समोर समुद्र असतो. रात्री पावसात त्या काळोखात ना क्षितिज, ना एकही दिवा. विमानाने वेग घेतला की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला तो वेग नाक वर गेल्यासारखा वाटतो आणि हात ते खाली ढकलू पाहतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत डोळे फक्त ॲटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे विमानाचे नाक आणि पंख क्षितिजाशी कसे आहेत ते दाखवणाऱ्या उपकरणावर, ठेवावेत आणि पोटात काय वाटते त्याला काही किंमत देऊ नये.

पुन्हा प्रयत्न करायचा का, हे इंधन आणि हवा ठरवते. सर जात असेल तर थांबून दुसरा अप्रोच करण्यात अर्थ आहे. सड्यावर ढगच बसला असेल तर नाही. पर्यायी विमानतळ निवडताना कोकणात एक चूक वारंवार होते: जवळचा म्हणून किनाऱ्यावरचाच दुसरा निवडला जातो आणि तो त्याच ढगाखाली असतो. नकाशावर बेळगाव जवळ दिसते, पण तेही घाटमाथ्याजवळच. इंधन थोडे जास्त घेऊन हैदराबाद किंवा बंगळूरू धरणे पावसाळ्यात जास्त शहाणपणाचे.

सिम्युलेटरवर सराव करणाऱ्यांनी एक करावे. ढगाचा तळ स्वतः ठरवू नये, शेजारी बसलेल्याला ठरवू द्यावा, आणि त्याने तो कधी धावपट्टीपासून ३०० फुटांवर, कधी १५० वर ठेवावा, न सांगता. दहापैकी निदान चार वेळा ४५० फुटांवर काहीच दिसणार नाही, अशी व्यवस्था असावी.